आवेरोच्या गालावरचे वण

नायजेरियातल्या ओयोत पोरांच्या चेहऱ्यावर कुळाचे वण कोरणारी जी घराणी होती, त्यातल्या एका घरची आवेरो ही लेक. तिच्या दोन्ही गालांवर तीन-तीन आडव्या रेघा होत्या, बापाच्याच हातच्या. बाप गेल्यावर मात्र तिनेच घरात बजावलं, आता पोरांना कापायचं नाही, आणि पातं आढ्याला खोचून ठेवलं. एवढी वर्षं तिला कुणी हटकलं नव्हतं.

मग खोकला लागला. जन्म गेला गारी, म्हणजे कसावाच्या कंदाचा रवा, भाजून विकण्यात, म्हणून सगळे म्हणाले, धूर. नंतर टीबी ठरला, सहा महिने गोळ्या झाल्या, पण दम काही कमी होईना. आणि गालांवरच्या रेघा फुगू लागल्या. पन्नास वर्षं गप्प पडलेले वण गांडुळांसारखे वर आले. कुष्ठ असेल या धास्तीनं गिऱ्हाइकं शेजारणीच्या कढईकडे वळली.

धाकटा भाऊ अकानो निदान करून मोकळा झाला. "ताई, बाबांचं पातं तू आढ्याला टांगलंस, आता ते तुझ्या गालावर येऊन बसलेत. माझ्या नातीच्या बारशाला तिचे गाल कापू, म्हणजे शांत होतील."

"अरे, आठ दिवसांचं पोर ते!"

"तू तरी किती दिवसांची होतीस?"

खरं तर भावाचंच खरं असेल, ही भीती तिलाही कुरतडत होती.

बारशाच्या आदल्या दिवशी ती तपासणीचा निकाल घ्यायला इबादानच्या दवाखान्यात गेली. फुगलेत ते फक्त जुने वण, हे तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेलाच हेरलं होतं आणि गालाच्या कातडीचा कपटा तपासायला पाठवला होता.

"कुष्ठ नाही, आणि टीबी तर कधी नव्हताच," बाई म्हणाल्या. "सार्कॉइडोसिस म्हणतात याला. फुप्फुसात, कातडीत सूज धरते. जुन्या वणात शिरायची याला खोड आहे. दुसऱ्याला लागत नाही. गोळ्या मात्र बरेच दिवस घ्याव्या लागतील."

"पण होतो कशानं?"

"ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही, आई."

परतीच्या वाटेवर तिला हायसं वाटायला हवं होतं. पण डॉक्टरला ठाऊक नाही म्हटलं, की अकानो काय म्हणणार ते तिला आत्ताच ऐकू येत होतं.

सकाळी अंगणात बारशासाठी मध, मीठ, कडवट कोलाची फळं मांडली होती. शेजारी आढ्यावरून काढून परजलेलं पातं. अकानोची सून रोंके पोर घेऊन बसली होती, तिचे डोळे सुजलेले.

"काय ताई, सापडलं का डॉक्टरला कारण?" अकानोने सगळ्यांदेखत विचारलं.

"सापडलं," आवेरो म्हणाली. "बाबांचं पातं. त्यातूनच शिरला हा रोग माझ्यात."

रोंकेने पोर छातीशी ओढलं. दोन म्हाताऱ्यांचे हात आपापल्या गालांवर गेले.

"बाबांना नावं ठेवतेस?" अकानोचा आवाज कापत होता. "मेलेल्या माणसाला?"

बाप पातं उकळून घेतल्याखेरीज पोराला हात लावत नसे. त्याच्या हातचा एकही वण कधी चिघळला नव्हता. हे त्या अंगणात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "बाबांनाच."