वहिनीच्या मिठाचा काही दोष नव्हता

माझं प्रेशर वहिनीच्या मिठामुळे वाढलं, असं आमच्या घराण्यात चाळीस वर्षं मानलं जातं. ते खोटं आहे. ते कशामुळे वाढायचं हे मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो.

ऐंशीच्या दशकात आम्ही मुलुंडला राहत होतो. माझी तिशी सरली होती आणि कंपनीच्या तपासणीत प्रेशर थोडं जास्त निघालं होतं. म्हणून दर महिन्याला बायको मला डॉक्टरांकडे न्यायची. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली उडप्याचं हॉटेल. बायको वर नंबर धरून बसायची आणि मी 'जरा हवा खाऊन येतो' म्हणून खाली उतरायचो. ती हवा पेल्यातून यायची, फेसाळ आणि कडक. गर्दी असली की दोन पेले हवा व्हायची. मग जिना चढून मी थेट डॉक्टरांसमोर दंड पुढे करायचो.

पारा बघून डॉक्टरांनी विचारलं, खारट फार खाता का? मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "ह्यांची वहिनी गावाहून पाठवते ना. सुके बांगडे, खारातल्या मिरच्या." खटला तिथंच निकालात निघाला.

आई गेल्यावर वहिनीनंच मला वाढवलं. बायकोनं तिला पत्र टाकलं, की आता काही पाठवू नका. त्या मे महिन्यात वहिनी आमच्याकडे आली ती पहिल्यांदाच रिकाम्या हातानं. आठ दिवस आमच्याबरोबर अळणी आमटी जेवली. मीठ मागितलंसुद्धा नाही. एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली, "माज्या हाताच्या मिठान तुका प्रेशर इला रे." मी पेपरात डोकं घातलं.

त्याच आठवड्यात आमचा नंबर होता. वहिनीही आली. खाली हॉटेलात रंगकाम चालू होतं, त्यामुळे हवा बंद. प्रेशर सरळ निघालं. डॉक्टर बायकोला म्हणाले, पथ्य फळलं. बायकोनं वहिनीकडे पाहिलं आणि वहिनीनं डॉक्टरांना हात जोडले. बोलायचं होतं तर तेव्हाच. मी शर्टाची बाही खाली ओढत बसलो.

पुढच्या महिन्यात हॉटेल उघडलं आणि पारा पुन्हा चढला. डॉक्टरांनी माझ्या तोंडाचा वास टिपला आणि बायकोला बाहेर बसवून मला विचारलं, "खाली काय घेता?" मी पेल्यांचा हिशेब दिला. त्यांनी कपाळाला हात लावला. कॉफीनं काही वेळ प्रेशर चढतं, मोजायच्या आधी पिऊन आलात तर मी काय कॉफीला गोळ्या देऊ, असं म्हणाले. मीठ कमी झालं ते बरंच झालं, पण घरी खरं सांगा, असंही बजावलं.

त्यानंतर मी वर कोरडा जाऊ लागलो. आकडे नीट येऊ लागले. घरी मात्र खरं सांगितलं नाही. सगळं श्रेय अळणी आमटीला गेलं आणि गावाहून बांगडे पुन्हा कधी आले नाहीत.

गेल्या महिन्यात गावी गेलो. वहिनी आता नव्वदीला टेकली आहे, कान शाबूत आहेत. पडवीत ती कुळीथ पाखडत होती. तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, रंगकामासकट. सूप थांबलं.

"म्हंजे तुज्या कॉफीपायी मी आठ दिस अळणी जेवलंय?"

मी मान डोलावली.

"बायलेक सांगलंस?"

म्हटलं, लिहून ठेवतो, वाचेल ती.

"लिवतंस कसला? तोंडान सांग."

मग आत जाऊन तिनं दोन ताटल्यांत पेज आणली. माझी अळणी होती. स्वतःच्या ताटलीत तिनं खारातली मिरची घेतली, बरणीचं झाकण घट्ट लावलं आणि बरणी आपल्या पलीकडे, माझा हात पोचणार नाही अशी ठेवली.