मामाची दोरी

माणसांना पळायला लावण्यात माझ्या मामाचा हात धरणारा अख्ख्या बेंगळुरात कुणी झाला नाही, होणारही नाही. एकाच कॉलेजात त्यानं उभा जन्म कोचगिरी केली, आणि चामराजपेटेतल्या त्याच्या घरून एकही पाहुणा सावकाश चालत परतला नसेल. नात्यात लग्न ठरत असलं की बाकीचे मुलाचा पगार विचारत, मामा त्याला अंगणात चार पावलं चालायला लावी आणि सांगे, "डावा पाय स्वल्प बाहेर पडतो, पण माणूस चांगला." एकदा बसमागे धावणाऱ्या एका पोराची ढांग त्याच्या नजरेत भरली, तर हा त्याच्याबरोबर थेट यशवंतपूरला गेला आणि आईबापांकडून कॉलेजचा फॉर्म भरून घेऊनच घरी आला.

पण त्याचा खरा जीव एका सुती दोरीवर. दरवर्षी स्पर्धांआधी मैदानात खुंटी ठोकून, ती दोरी ताणून, ट्रॅकची वळणं तो स्वतः चुन्यानं आखायचा. शिपायाला हात लावू द्यायचा नाही. दोरी मोजली होती ती एकदाच, कापताना. "माणूस खोटं बोलेल, दोरी नाही," हा त्याचा सिद्धांत.

मी त्याच कॉलेजात होते त्या वर्षीची गोष्ट. आयुधपूजेला आमच्याकडे ज्याचं जे हत्यार असेल ते देवापुढे मांडतात. मामाची शिट्टी, स्टॉपवॉच आणि ही दोरी. चुन्यानं माखलेली दोरी देवापुढे कशी ठेवायची म्हणून मामीनं ती गुपचूप कढत पाण्यात भिजवून, बडवून लख्ख धुतली. दोरी हातभर आटली. पुढच्या महिन्यात स्पर्धा झाल्या आणि आमच्या कॉलेजला पंखच फुटले. चारशे मीटरचं रेकॉर्ड मी मोडलं. आनंदानं मला रडू आलं. पण बघते तो ज्याला त्याला रेकॉर्ड! मामाला तेवढी शंका आली. प्रिन्सिपलांचं भाषण चालू असताना त्यानं मागे जाऊन टेप लावून दोरी मोजली, आणि येऊन माईकच घेतला. "ट्रॅक तोकडा होता. चूक माझी. सरळ रेषेतली शंभर मीटर सोडून पळण्याची सगळी रेकॉर्डं रद्द."

माझं रेकॉर्ड जेमतेम दोन तास टिकलं. मामीचं नाव त्यानं कुणापाशी काढलं नाही. दोरी धुतल्याचं तिनंच मला पुढे डोळे पुसत सांगितलं. "उद्या परत पळ. पूर्ण चारशे," तो मला म्हणाला. मी रागानं बूट माळ्यावर फेकले आणि पुन्हा म्हणून पळले नाही. तेव्हापासून भेटला की त्याचा एकच प्रश्न, "काय अक्का, उद्या येतेस?"

यंदा तो रिटायर झाला. मैदानावर आता रबरी ट्रॅक आहे, रेषा कायमच्या रंगवलेल्या. आयुधपूजेला मी जयनगरहून गेले, तर देवापुढे तीच दोरी, चुन्यासकट, वर हळदकुंकू. "मी हात नाही लावत गं आता," मामी म्हणाली. मामानं सवयीनं विचारलं, "काय अक्का, उद्या येतेस?" त्या बिनकामाच्या दोरीकडे बघून मला भरून आलं.

"येते," मी म्हटलं. "पण गुडघे चाळिशीचे आहेत, मामा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक फेरी पुरी केली. दोन्ही वळणांवर तर चक्क चालले. मामा शेवटच्या रेषेवर वाकून उभा होता, जणू मागून आणखी सातजणी येताहेत. किती वेळ लागला ते मी सांगणार नाही. त्यानं रेकॉर्डांची जुनी वही काढली, खोडलेल्या माझ्या नावाखाली ती वेळ लिहिली आणि शेजारी 'पूर्ण चारशे' असं लिहून खाली रेघ मारली. मग शिट्टी गळ्यातून काढून माझ्या हातात दिली.

"सरी, ठीक झालं," तो म्हणाला. "आता झालो मी रिटायर."