फेरी चुकेल म्हणून

म्हापशाच्या एका दुकानात जुन्या सिनेमांच्या डीव्हीडी निकालात काढल्या होत्या. त्यात तो दिसला. काळा-पांढरा, खुनाचा, आईबाबांनी लग्नानंतर एकत्र पाहिलेला पहिला सिनेमा. डिचोलीला माझ्या घरी न जाता मी तशीच पेडण्याला आईकडे गेले.

तो सिनेमा मी कधी पाहिला नव्हता, पण गोष्ट मला पाठ होती. डोंगरावरचं एकाकी घर, त्यात आलेली नवी नवरी, तिच्या श्रीमंत काकांचा खून, आणि शेवटी खुनी निघतो तो घरचा वकील. बाबा ती इतकी रंगवून सांगायचे की लहानपणी वकील म्हटलं की मला भीती वाटायची.

आईने मात्र शेवट पडद्यावर पाहिलेला नव्हता. नदीवर तेव्हा पूल नव्हता, घरी यायला फेरीबोट होती. “फेरी चुकात,” म्हणून बाबांनी तिला मध्येच उठवलं आणि पुढचं वाटेत सांगितलं. ते पाळी गावच्या खाणीवर कारकून होते, तिथल्या मित्रांबरोबर त्यांनी तो आधीच पाहिला होता.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आईला हल्ली कमी दिसतं, म्हणून तिची खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढली. “जनेल लाव, उजेड पडता,” ती म्हणाली. मी खिडकी लावली आणि जेवणं झाल्यावर दुपारी आम्ही दोघी बघायला बसलो.

ती सुरुवातीला सिनेमापेक्षा थिएटरबद्दलच बोलत होती. बाबांनी शेंगदाण्याची पुडी आणली होती आणि लाजून मध्ये ठेवली होती. दोघांनीही हात लावला नाही. मग ती सिनेमात गुंगली. पडद्यावर नवरी कंदील घेऊन जिना उतरू लागली, तसा तिने माझा हात धरला.

“आमी हयच उठललों.”

मी थांबवायला रिमोट उचलला. “पुढे बघायचं ना?”

“बघया तर.”

जिन्याखाली कोणीतरी पाठमोरं उभं होतं. कंदिलाचा उजेड वर गेला आणि तो माणूस वळला. वकील नव्हता. तिचा नवरा होता. काकांना त्यानेच मारलं होतं, आणि आता तो तिच्याकडे बघून हसत होता.

सिनेमा संपला. मग आईने हळूच विचारलं, “मारेकरी घोवच?”

“हो. बाबांनी तुला वकील सांगितला.”

“तेंका म्हायत होता,” ती म्हणाली. “आधी बघितललो ना तेनी.” टीव्हीच्या काळ्या काचेकडे बघत ती पुढे म्हणाली, “फेरी काय चुकाची नव्हती गो. आमी धक्क्यार कितीतरी वेळ बसललों. माका तेव्हाच वाटला, इतकी घाई कित्याक केली?”

“मग विचारलं नाहीस?”

“विचारतलंय कशी? लगीन होवन म्हयनो झाललो. ते आयतवारी येयत, सोमवारी पाळीक जायत. माका तेंचो आवाज सुद्दा नीट वळखूक येय नाय. आणि फेरीतसून उतरल्यार काळोखातसून चलत घराक येवचा होता, आमी दोघाच.” बोलता बोलता तिला हसू आलं. “मी भियालंयच असतंय.”

हसतानाच तिचे डोळे भरले. “जलमभर बोलले नाय,” ती म्हणाली. “आता विचारूचा तर कोणाक?”

मला बाबा धक्क्यावर बसलेले दिसले. शेजारी अजून नीट ओळख न झालेली बायको, आणि तिला घाबरू न देता ही गोष्ट कुठे नेऊन संपवावी, याचा विचार करणारे. तेव्हाचे बाबा मला कधी भेटलेच नाहीत. आणि तिला भेटले, तेव्हा तिला ते कळले नाहीत.

मी चहा केला. त्यानंतरही पुष्कळ सिनेमे पाहिले, ती सांगू लागली, सगळे शेवटपर्यंत. कुठल्या सिनेमात बाबा झोपले, कुठल्यात रडले आणि सर्दी झाली म्हणाले. ते गेल्यापासून ती त्यांच्याविषयी इतकं कधी बोलली नव्हती. माझी डिचोलीची बस गेली. मी बसून राहिले. ती बाबांची वाक्यं त्यांच्यासारखी म्हणून दाखवत होती, आणि मला त्यांचा खरा आवाज पुन्हा एकदा ऐकावासा वाटत होता.