चौदाचा आकडा

आर्लेन रुस्तादने आयुष्यात कुणाची काडी चोरली नाही. मॉन्टानातल्या आमच्या बेंट क्रीकमध्ये एखादा माणूस कुंपणाचं फाटक उघडं टाकून गेला, तर त्याच्या नातवंडांनाही ते ऐकवलं जातं. आर्लेनच्या हातून तसंही कधी झालं नाही. पण आपल्या डिझेल पिकअपचं ॲव्हरेज सांगायला बसला, की या भल्या माणसाची जीभ सुटायची. त्याची एकट्याचीच कशाला, सगळ्यांचीच. सकाळी सहाला कॅफेत जमायचं, चामड्याच्या पेल्यातून फासे टाकायचे, हरेल त्यानं सगळ्यांना कॉफी पाजायची आणि फासे खुळखुळत असताना थापा मारायच्या. रविवारी चर्चमध्ये मान खाली घालून बसणारी माणसं इथे गॅलनमागे चार-पाच मैल बिनदिक्कत वाढवून सांगायची. ऐकणारा मनातल्या मनात तेवढे वजा करायचा. रीतच होती ती.

रूबेन वाइझरला मात्र ही वजाबाकी कधी जमली नाही. आर्लेनचा शाळेपासूनचा दोस्त, रानाला रान लागून. स्वतः कधी थाप मारायचा नाही, म्हणून दुसऱ्याची ओळखायचाही नाही.

"ओढताना किती देते रे तुझी?" त्यानं एकदा आर्लेनला विचारलं. "म्हणजे मागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये गायी."

"चौदा," आर्लेन म्हणाला. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"चौदा!" डेल ओरडला. डेल म्हणजे कॅफेतला सगळ्यात तोंडाळ माणूस. "लेका, गायींना खाली उतरवून ढकलायला लावतोस की काय?"

सगळे हसले. रूबेन हसला नाही, त्यानं नुसती मान डोलावली. वसंतात त्यानं तसलाच पिकअप घेतला, फक्त साध्यातला. आर्लेनच्या गाडीत ॲव्हरेज दाखवणारा पडदा होता, रूबेनच्या गाडीत नव्हता. आणि खरं सांगायचं तर तो चौदाचा आकडा आर्लेनला एकदाच दिसला होता. ट्रेलर रिकामा, रस्ता उताराचा आणि वारा पाठीवर. हातानं मोजून बघावं असं त्याला कधी वाटलंच नाही.

जानेवारीत रूबेन सहा गाभण कालवडी आणायला बाजाराला गेला. येताना तिठ्यापर्यंत वारा नुसता बाजूनं लागत होता, गाडी मजेत चालली. तिठ्यावरून रस्ता वायव्येला वळतो, थेट वाऱ्याच्या तोंडावर, आणि तिथून घर अठ्ठ्याहत्तर मैल. मधे एकही पंप नाही. तिठ्यावरच्या पंपावर रांग होती, आभाळ भरून येत होतं, कालवडी थंडीत उभ्या होत्या. रूबेन थांबला नाही. घर बावीस मैलांवर असताना गाडी बंद पडली. तिथे फोन लागत नाही. तो पायी निघाला आणि बर्फात वाट चुकला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कुंपणाच्या खांबाला टेकून बसलेला सापडला. कालवडी साऱ्या जगल्या.

गाव हळहळलं, पण गावच ते. "एकसष्ट वर्षांचा घोडा, आणि जानेवारीत टाकी न भरता निघतो?" डेल म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या. आर्लेननंही हलवली. कॉफी अर्धी टाकून तो उठला.

तीन आठवड्यांनी रूबेनची बायको कॉरिन आर्लेनच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही. तिनं हातमोजा काढून एक कागद पुढे केला. बाजारातल्या काट्यावरची वजनाची चिठ्ठी होती ती.

"त्याच्या कोटाच्या खिशात होती. मागच्या बाजूला काहीतरी मांडलंय. तुला गाड्यांमधलं कळतं, म्हणून आले."

रूबेनचं टपोरं अक्षर. पाव टाकी, आठ गॅलन. आठ गुणिले चौदा, एकशेबारा. घर अठ्ठ्याहत्तर. खाली दोन रेघा.

"गुणाकार बरोबर आहे ना?" कॉरिन म्हणाली. "मग चुकलं कुठे? गाव त्याला मूर्ख म्हणतंय, आर्लेन. मीसुद्धा म्हणाले. शवपेटीवर हात ठेवून म्हणाले, मूर्खा, तुला टाकी भरता आली नाही? हे मला कळायला हवं."

आर्लेनला ते त्या क्षणी सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

"वारा होता," तो म्हणाला. "वाऱ्यापुढे कुणाचं काय चालतं?"

ती चिठ्ठी घेऊन परत गेली. आर्लेन दार लावून तिथेच उभा राहिला. बायकोनं विचारलं काय झालं, तर तिच्यावरच खेकसला.

मग त्यानं वायव्येच्या वाऱ्याची वाट बघितली. तसा वारा सुटला त्या सकाळी स्वतःच्या सहा कालवडी ट्रेलरमध्ये चढवल्या आणि तिठ्यावर गेला. टाकी भरली. नळी पहिल्यांदा खट् करते तिथेच थांबायचं, वर थेंब टाकायचा नाही, तरच माप खरं निघतं. रूबेन जायचा त्याच वेगानं तो गावातल्या पंपापर्यंत, म्हणजे तेवढेच अठ्ठ्याहत्तर मैल, आला आणि पुन्हा पहिल्या खट्पर्यंत भरली. अकरा गॅलन गेले. अठ्ठ्याहत्तर भागिले अकरा. त्यानं तीनदा मांडून बघितलं. सात. गाडीच्या पडद्यावर तेव्हाही नऊ दिसत होते. आठ गॅलनमध्ये छप्पन्न मैल, आणि रूबेनची गाडी बंद पडली ती बरोबर छप्पन्नाव्या मैलावर.

पंपावरून तो घरी गेलाच नाही. कालवडी ट्रेलरमध्ये तशाच ठेवून कॉरिनच्या दारात उभा राहिला.

"चौदा माझा आकडा," तो म्हणाला. "मी कॅफेत थाप मारली होती. सात देते. आत्ता मोजून आलो."

कॉरिननं आठ गुणिले सात मनातच करून बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे तो मूर्ख नव्हता."

"नव्हता. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला."

"त्याचा मला राग नाही," ती म्हणाली. "पोरासोरांच्या बढाया त्या. पण मी इथून चालत तुझ्या दारी आले, आणि तू मला 'वारा होता' म्हणून सांगितलंस. त्याचा आहे." मग ती म्हणाली, "उद्या सकाळी चल. सगळ्यांसमोर सांग."

त्या टेबलाशी तोवर कधी बाई बसली नव्हती. कॉरिन रूबेनच्या खुर्चीवर बसली, चिठ्ठी उलटी करून मधे ठेवली. आर्लेननं उभं राहून सगळं सांगितलं, दारातल्या वाऱ्यासकट. मधे कुठे थांबला नाही. फाशांचा पेला डेलच्या हातात तसाच राहिला.

मग डेलच आधी बोलला. एरवी दहा वाक्यं बोलणारा माणूस, दोनच बोलला. "माझी ओढताना आठ देते. बारा म्हणायचो मी."

"साडेआठ," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"वारा असला तर साडेसहा."

टेबलाभोवती एकेकानं आपला खरा आकडा सांगितला. कॉरिन प्रत्येकाकडे बघत ऐकत होती. शेवटी तिनं चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि कोट चढवला. त्या दिवशी फासे कुणी टाकले नाहीत. रूबेनला त्यानंतर गावात कुणी मूर्ख म्हटलं नाही. आर्लेनशी मात्र कॉरिन वर्षभर बोलली नाही, आणि तोही तोंड वर करून तिच्या वाटेला गेला नाही.

पुढच्या जानेवारीत एका पहाटे त्याचा फोन वाजला.

"कॉरिन बोलतेय. कालवडी आणायला चाललेय, रूबेनच्याच गाडीनं. येताना किती धरू?"

आर्लेननं खिडकीबाहेर बघितलं. वारा वायव्येचाच होता.

"सहा धर," तो म्हणाला. "आणि तिठ्यावर टाकी भर, बाई. रांग असली तरी भर."

"भरते," म्हणून तिनं फोन ठेवला.

त्या दिवशी तो कॅफेत गेला नाही. बायकोनं वाढून ठेवलेलं ताटही तसंच राहिलं. अंधार पडताना कॉरिनचा दुसरा फोन आला, पोचले म्हणून, तेव्हा कुठे आर्लेन जेवायला बसला.