दुपारी लाल होणारा दिवा

आमच्या घरातल्या इंटरनेटच्या डबीवर एक बारका दिवा आहे. तो हिरवा असला की सगळं आलबेल आणि लाल झाला की बोंब. यंदाच्या उन्हाळ्यात त्या दिव्याने माझा जितका अंत पाहिला, तितका सासरच्या माणसांनीही कधी पाहिला नव्हता.

त्याआधीच्या पावसाळ्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. हात-पाय हळूहळू सावरले, काठी घेऊन घरात फिरायला लागले, पण बोलणं गेलं. शनिवार पेठेत वाढलेला माणूस. एका वाक्यात समोरच्याचा निकाल लावणारा. रिक्षावाल्यापासून व्याह्यांपर्यंत कुणाची गय केली नाही, माझी तर नाहीच नाही. आता तोंडातून ‘हां’ आणि ‘नाही’ एवढंच, आणि तेही कधीकधी उलटसुलट. डोकं मात्र शाबूत होतं. चहात साखर जास्त पडली की टोमणा डोळ्यांत दिसायचा, ओठांपर्यंत यायचा नाही. ते बघणं मला फार जड जायचं.

बोलायला शिकवणाऱ्या दोन बाया ह्यांनी नुसतं तोंड फिरवून घालवल्या. त्या लाडेलाडे बोलायच्या. तिसरी नागपूरची मुलगी. ती रोज दुपारी बाराला लॅपटॉपवर यायची आणि “काका, आळस करू नका,” असं सरळ सुनवायची. ती ह्यांना मानवली. चेहरा कॅमेऱ्याजवळ आणून ती ‘प’साठी ओठ मिटायची, हे तिच्याकडे टक लावून तसेच मिटायचे. असं करत ‘पाणी’ आलं. मग ‘पोळी’ आली. ‘पोळी’ आली त्या दिवशी मी पुरणाची केली.

होळी झाली आणि इंटरनेटची लाईन जायला लागली. नेमकी दुपारी. ती मुलगी ओठ मिटायची आणि चित्र तिथेच गोठायचं. हे ओठ मिटून वाट बघत बसायचे. मग आवाज यायचा तो पुढच्या शब्दाचा, चित्र मागच्याचं. आमची इमारत धायरीत अगदी आत, टेकडीला लागून, त्यामुळे घरात मोबाइलला धड रेंज नाही. दुसरा इलाज नव्हता. एके दिवशी चित्र गोठल्यावर ह्यांनी तळहात वर केला, म्हणजे पुरे, आणि लॅपटॉपचं झाकण स्वतःच्या हाताने लावलं. दुसऱ्या दिवशी उघडूच दिलं नाही. मी बाल्कनीच्या कोपऱ्यात जाऊन त्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, “काकू, हे महिने वाया जाऊ देऊ नका. आत्ता सोडलं तर पुढे फार अवघड होईल.”

मी घाबरले. आणि घाबरले की मला राग येतो, हा माझा जुना स्वभाव. मग मी त्या लाईनच्या हात धुऊन मागे लागले.

कंपनीच्या फोनवर एक गोड आवाज दर वेळी विचारायचा, “मॅम, राउटर रीस्टार्ट करून बघितलात का?” बाई गं, इतक्या वेळा केला की त्याचीच मला दया यायला लागली. तक्रारीवर माणूस यायचा तो संध्याकाळी, आणि संध्याकाळी दिवा हिरवागार. त्याने एकदा डबी बदलली, एकदा तारेचं टोक कापून नवीन केलं. मीटर लावून म्हणायचा, “काकू, पॉवर एकदम मस्त येतेय.”

“दुपारी या ना मग.”

“दुपारी आम्ही नवीन कनेक्शनवर असतो.” शेवटी तो म्हणाला, “तुमची लाईन लांबची आहे काकू. मेन रोडच्या बॉक्सपासून गच्च्यांवरून येते. लांबच्या लाईनला असं होतं.”

“संध्याकाळी जवळ येते का ती?”

तो हसला. वाईट नव्हता, घाईत होता. त्याने सांगितलं की तारेत केसासारखी काच असते आणि त्या काचेतून उजेड जातो. तार कुठे जोरात मुडपली की उजेड तिथेच गळतो, पुढे कमी पोचतो. आधीच लांबून आलेला, त्यात गळती. “पण कुठे मुडपलीय ते शोधायला एवढ्या गच्च्या कोण फिरणार?” असं म्हणून त्याने बॅग उचलली.

कोण फिरणार म्हणजे? मी फिरणार.

तेवढ्यात एक दिवस मळभ आलं आणि दिवा दिवसभर हिरवा राहिला. मला वाटलं, सापडलं! ऊन तापलं की तार ताणली जात असणार. विज्ञानाचा नि माझा संबंध शाळेबरोबर संपलेला, पण शंका घ्यायला कुठे पदवी लागते? दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, दिवा लाल झाला. ह्यांना लवकर जेवायला वाढलं, कामाच्या बाईंना दिव्यावर नजर ठेवायला बसवलं, डोक्याला ओढणी गुंडाळली आणि निघाले.

आमच्या गच्चीवरून काळी तार शेजारच्या सोसायटीत गेली होती. तिथे गच्चीला कुलूप आणि किल्ली चेअरमनकडे. चेअरमननी दार चार बोटं उघडलं.

“आपण कंपनीच्या का?”

“नाही, गिऱ्हाईक. कंपनीला वेळ नाही.”

“नियमाप्रमाणे बाहेरच्यांना गच्चीवर सोडत नाही.”

“मग आपण चला बरोबर. ऊन छान आहे.”

त्यांनी किल्ली काढून दिली. गच्चीच्या दारावर पाटी होती: ‘येथे वाळवण घालू नये. घातल्यास कावळ्यांची तक्रार सोसायटीकडे करू नये.’ तिथे तार ठीक होती. पुढच्या इमारतीत लिफ्ट बंद, त्याच्या पुढच्या गच्चीत पाण्याच्या टाकीमागून वाकून जावं लागलं. तिथेही ठीक. गुडघे कुरकुरत होते. मनातल्या मनात, तार मुडपणाऱ्याला काय काय ऐकवायचं याची मी जय्यत तयारी करत होते.

पुढचं घर गावातल्या जुन्या माणसांचं, दुमजली. बाहेरच्या जिन्याने वर गेले तर गच्चीभर जुन्या साड्या अंथरलेल्या आणि त्यांवर कुरडया. उन्हाळाभर ऑर्डरीच्या कुरडया-पापड करणाऱ्या ताई सावलीला बसून काठीने कावळे हाकत होत्या. मी दरवर्षी त्यांच्याकडूनच घेते. आणि कठड्याशी माझी काळी तार खाली ओढलेली, साडीच्या काठावरून घडी घालून दुमडलेली, घडीवर वीट.

“ताई, ही तार अशी कुणी केली?”

“म्याच की. वाऱ्यानं साडी उडती ना. ऊन चढून वारं सुटलं की लावती, सांजच्याला काढती. मोकळीच लोंबत हुती, कुणाची हाय कोण जाणं.”

“माझी आहे!”

त्यांनी तारेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग साडीकडे. “अन् ह्या कुरडया बी तुमच्याच हायत. तुम्हीच न्हाय का फोन केला, काकू, लवकर द्या म्हणून?”

केलेली सगळी तयारी फुकट गेली. मी कठड्याला टेकून हसत सुटले, ते थांबेचना. मग त्यांना सांगितलं, की ह्या तारेवरून आमच्या ह्यांना बोलायला शिकवतात. त्यांनी हातातली काठी खाली ठेवली. “बोलत्यात का आता?” एवढंच विचारलं.

“थोडंसं.”

त्यांनी वीट उचलली, तार अलगद सरळ केली, साडीची एक चिंधी फाडली आणि तार टाकीच्या पाइपाला उंच, सैलशी बांधून टाकली. बाईंचा फोन मी बाल्कनीच्या कोपऱ्यात ठेवायला लावला होता, त्यावर रिंग दिली. बाई ओरडल्या, “हिरवा झाला!”

“आता हिला कुणी हात लावू दे,” ताई म्हणाल्या, “हात मोडून ठेवती.”

पण लाईन सुधारली म्हणून माणूस लगेच थोडाच सुधारतो! दुसऱ्या दिवशी बाराला मी लॅपटॉप उघडला तर ह्यांचा तळहात परत वर. मी कमरेवर हात ठेवले. “लाईन मी नीट केलीय. आता काय कारण आहे ते सांगा. बोलून सांगा.” ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की झटक्याआधी असतं तर त्या नजरेमागून एक सणसणीत वाक्य आलं असतं. ते आलं नाही. तळहात मात्र खाली गेला. पलीकडून ती मुलगी म्हणाली, “काका, सुट्टी झाली का मजेत?” आणि तिचे ओठ मिटले आणि उघडलेही.

पुढे दिवा हिरवाच राहिला. शब्द आले, गेले, परत आले. एका दुपारी ताई स्वतः कुरडयांचा डबा देऊन गेल्या. मी चार तळल्या आणि ह्यांच्यापुढे ठेवल्या. ह्यांनी एक मोडली, सावकाश खाल्ली, ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. मी मदत करायची नाही, असं त्या मुलीने बजावलं होतं. मी जीव मुठीत धरून उभी राहिले.

“जाड... झालीय,” हे म्हणाले.

उभा जन्म मी ह्या टोमण्यांवर भांडले. हा ऐकला आणि डोळे भरून आले.

“मग खाऊ नका,” मी म्हटलं आणि ताटलीत आणखी दोन ठेवल्या.