टाकीच्या झाकणावरचा शिक्का

त्या लाकडी ठशाचा मला अजून राग येतो. मुठीत मावेल एवढा, खाली उलटा 'श्री' कोरलेला. आमच्या तापीकाठच्या गावात खळ्यावर धान्याची रास पडली की तिच्या अंगावर ओल्या मातीचे गोळे ठेवून त्यांवर हा ठसा मारतात. कोणी राशीला हात लावला तर गोळा ढळतो, अक्षर मोडतं आणि चोरी कळते. चोर कोण ते मात्र आधीच ठरलेलं असतं. जो सातपुड्यातून मजुरीला आलाय, तो.

माझ्या काकांनी हा ठसा राशीवरून इंजिनावर आणला.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी धुळ्याला कॉलेजात होतो. माझ्या पिशवीत पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त असत आणि त्यांतली निम्मी मला पाठ होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा काकांच्या केळीला नदीवरून पाणी चालू होतं. इंजिन पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की घासलेटवर घ्यायचं. ते चालवायला ठेवलेला माणूस अक्राणीच्या डोंगरातला पावरा आदिवासी, चाळिशीचा, कमी बोलणारा. खापर गावच्या एका लाकडाच्या वखारीत ट्रकवर राहून तो इंजिनाचं काम शिकला होता. काकांच्या मते तो घासलेट चोरायचा. पुरावा काय? तो डोंगरातला आहे, हाच. म्हणून काका रोज सकाळी टाकी भरत, झाकण लावत, झाकणावर मातीचा गोळा थापत आणि ठसा मारून घरी येत.

तेव्हापासून इंजिन बंद पडायला लागलं.

सुरू व्हायचं नीट. अर्धा-पाऊण तास चालायचं. मग खोकल्यासारखं करायचं, दोन गचके द्यायचं आणि गप्प व्हायचं. घरापर्यंत आवाज येत असे. तो थांबला की काका ताटावरून उठून नदीकडे जात. शिक्का शाबूत. तो फोडून झाकण उघडायचं. टाकीत घासलेट भरपूर. झाकण लावून दोरी ओढायला सांगायची, तर इंजिन लगेच चालू! काका घटकाभर उभे राहत, नवा शिक्का मारत आणि घरी येत. पाऊण तासाने पुन्हा सगळं शांत.

"मी उनू का चालस, मी गऊ का मरस," काका ओरडायचे. "इंजिनले काय मन्हं तोंड दखानं ऱ्हास का? हाऊच बंद करस आनि झाडखाले झोपस!"

नंदुरबारहून मिस्त्री आला. त्याने प्लग घासला, कार्बोरेटर उघडून फुंकला, जाळी धुतली. पण सगळ्यात आधी त्याने टाकीत तेल आहे का बघायला झाकण उघडलं होतं. साहजिकच इंजिन त्याच्यासमोर छान चाललं. जाताना तो म्हणाला, "इंजिनात खोट नाही, माणसात आहे." हे वाक्य काकांनी गावभर सांगितलं. केळीची पानं कडेने करपायला लागली तेव्हा त्यांनी ठरवलं की याला पोलीस पाटलाकडे उभं करायचं. नासधूस केली म्हणून. डोंगरातल्या माणसावर असा ठपका बसला की तालुक्यात कुणी त्याला कामाला ठेवत नाही, आणि कुठेही चोरी झाली की पहिला त्यालाच उचलतात. हे काकांना ठाऊक होतं. म्हणूनच ते करत होते.

मी काय केलं? मी भाषण केलं. पोलीस पाटलाच्या ओट्यावर उभं राहून श्रम, मालकी, शोषण असे सगळे शब्द काढले. वर त्याच्याकडे हात करून म्हणालो, "हे गृहस्थ निर्दोष आहेत. अहो, तुम्ही सांगा ना यांना!"

ओटा हसून लोळला.

"बैलले अहो-जाहो करी ऱ्हायना!" काका म्हणाले. "धुळाले हाईच शिकाडतस का रे?"

इंजिनवाला खाली उकिडवा बसला होता. माझ्याकडे न बघता पोलीस पाटलाला म्हणाला, "दादा, पेट्रोलवर चालस. घासलेटवर मरस."

"मंग?"

"मंग नळी सोडी दखी. टाकी भरेल, आनि नळीमा थेंब नही. वाण्याना घासलेटना डब्बाले दोन भोकं काबर ऱ्हातस?"

घरोघर डबे होते. एका भोकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच भोक पाडलं तर डबा उलटा केला तरी तेल येत नाही, हे पोरांनाही माहीत होतं.

"झाकणले बारीक भोक शे," तो म्हणाला. "शिक्कानी माती त्यावरच बठस."

"मग आधी काबर नही सांगं?" पोलीस पाटील.

"शिक्का काढा म्हणतू तं काय म्हणता तुम्ही?"

सगळे नदीवर गेलो. इंजिन सुरू केलं आणि वाट बघत बसलो. पाऊण तासाच्या आत ते खोकलं आणि मेलं. शिक्का कोणी फोडला नाही. पोलीस पाटलाने बाभळीचा काटा घेतला आणि इंजिनवाल्याने बोटाने दाखवलेल्या जागी, 'श्री'च्या वेलांटीशी, मातीतून आत खुपसला. टाकीने फस्स करून हवा ओढली. दोरी ओढली तर पहिल्याच झटक्याला इंजिन चालू. ते थांबलंच नाही. ऊन कलेपर्यंत पाणी पडत राहिलं.

पोलीस पाटील हात झटकून निघून गेला. मी काकांना म्हणालो, माफी मागा. काका म्हणाले, "चाली ऱ्हायनं ना? मंग?"

दुसऱ्या सकाळी त्यांनी टाकी भरली, झाकणावर माती थापली, ठसा मारला आणि मग जपून, अक्षर मोडू न देता, काट्याने त्यात भोक पाडलं.

त्याने ते पाहिलं. सुरू करायची दोरी गुंडाळून इंजिनावर ठेवली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि नदीच्या वाळूतून उत्तरेकडे चालू लागला. मी मागे धावलो. "तुम्ही खरे ठरलात. आता का जाता?" तो थांबलासुद्धा नाही. "भाऊ, शिक्का मन्हावर शे," एवढंच म्हणाला. मागून काका सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडत होते, "दखा, चोरच व्हता! पळना!"

केळी वाळत होती. इंजिन चालवायला दुसरं कोणी नव्हतं. आठवडाभर ते मी चालवलं. निम्मी पत्रकं पाठ असलेला मी.

त्या आठवड्यात काकांनी झाकणावर माती थापली नाही. माझ्या कंदिलासाठी मी रोज संध्याकाळी टाकीतून बाटलीभर घासलेट काढून घरी नेत होतो, त्यांच्या डोळ्यांदेखत. एकदा तर बाटली भरताना त्यांनीच झाकण धरलं.