नानांची बेचाळिसावी चाल

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही, आणि ती मला पुरती ओळखून आहे. तुम्हाला सांगतोय — कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणूनच.

धुळ्याच्या एका शाळेत मी संगीत शिकवायचो. जवळच्या सोनगीर गावचे नाना बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि स्वतः चाली बांधायचे. स्वरलिपी त्यांना येत नव्हती, म्हणून दर रविवारी त्यांच्या ओट्यावर बसून मी त्या वहीत उतरवायचो. पुढे मी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं आयुष्य, आणि एकेचाळीस चाली. लोक मला नानांच्या संगीताचा जाणकार म्हणतात. म्हणोत बापडे.

चाली बेचाळीस होत्या.

श्रावणात कानबाई देवीच्या विसर्जनाला आज आपल्या खानदेशातला जो तो बँड जी चाल वाजवतो ना — ती नानांनी माझ्यासमोर बांधली. तीन रविवार लागले. मधली ओळ जमेना, तेव्हा क्लॅरिनेट मांडीवर टाकून चिडून बसलेले नाना मला अजून दिसतात. पुस्तकात मी त्या चालीपुढे लिहिलं — पारंपरिक.

का? उत्तर इतकं फुटकळ आहे की सांगायची लाज वाटते. एकदा मी त्यांना माझी चाल ऐकवली होती. आयुष्यातली एकुलती एक. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "मास्तर, बठ्ठा सूर बरोबर शेतस. पन चाल कोठे शे?" सगळे सूर बरोबर, पण चाल कुठे आहे — चेष्टा नव्हती हो त्यात. खरं होतं — म्हणूनच झोंबलं.

पुस्तक आलं. त्यांच्या मुलीने, अक्काने, यादी वाचून दाखवली. नानांनी मला विचारलं, कानबाईची चाल माझी नाही का? मी म्हणालो, "नाना, ती फार जुनी आहे. तुम्ही कुठेतरी ऐकली असेल." त्यांनी वाद घातला नाही. मी शिकलेला माणूस ना — माझ्यावर विश्वास ठेवला.

"मंग मी कोठे आयकी व्हई?" एवढंच म्हणाले.

दोन वर्षांनी नाना गेले. भेटायला गेलो, तर अक्का सांगत होती की ते शेवटपर्यंत आठवत बसायचे, ती चाल कोणाकडून ऐकली. कधीच्या काळी गेलेल्या वाजंत्र्यांची नावं घ्यायचे — याची असेल, नाही, त्याची असेल. मी मान हलवली, चहा घेतला आणि परत आलो.

त्यानंतर पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. प्रुफं मीच तपासली. ती वही समोरच्या कपाटात होती, तीन रविवारांच्या खाडाखोडीसकट. आजही आहे. पुस्तकात त्या चालीच्या पानावर छपाईची एक चूक होती, ती सुधारली. पारंपरिक तसंच ठेवलं.